वीजपुरवठा वाऱ्यावर सोडता येत नाही

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भर दुपारी टोपी सांभाळत उभं राहिलं की कुणीतरी म्हणतंच, "एवढा वारा फुकट चाललाय! चार पवनचक्क्या लावा, चोवीस तास वीज." हा हिशेब दुपारचा आहे, चोवीस तासांचा नाही. दिवसा जमीन तापते म्हणून समुद्रावरून खारा वारा येतो. ऊन कललं की त्याचा जोर ओसरतो आणि उशिरा रात्री मतलई वारा उलटा वाहू लागतो. मधल्या वेळेत वारा पडलेला असतो आणि नेमकी तीच दिवेलागण, घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होण्याची वेळ. त्यात वाऱ्याचं गणित सरळ नाही. वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. तारांमध्ये तर वीज साठवता येतच नाही.

"मग वादळात धो धो वीज मिळेल?" तेही नाही. हवामान खात्याच्या नोंदीनुसार 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा झोत ताशी 120 किलोमीटरपर्यंत होते. बहुतेक पवनचक्क्या ताशी 90 च्या आसपास पात्यांचा कोन वळवून स्वतःच बंद होतात, नाहीतर मोडतील.

"साताऱ्यात कशा चालतात मग?" हा आक्षेप रास्त आहे. वनकुसवड्याच्या पठारावर उंचीमुळे वारा चांगला मिळतो, पण मुख्यतः पावसाळ्यात. देशातली बहुतांश पवनवीज जून ते सप्टेंबरमध्ये तयार होते आणि उरलेल्या महिन्यांत हात आखडते. म्हणून तिला जोडीदार लागतो. पठाराजवळच 1,960 मेगावॉटचं कोयना जलविद्युत केंद्र आहे, काही मिनिटांत सुरू होणारं. पण कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. वारा असेल तेव्हा वाचवलेलं पाणी वारा नसेल तेव्हा वापरायचं, हा पवनविजेचा खरा फायदा. ती निरुपयोगी नाही, एकटीने घर चालवू शकत नाही, एवढंच.

उरलेले गैरसमज थोडक्यात. पवनचक्क्या ढग पळवतात? पात्याचं टोक जेमतेम शे-दीडशे मीटरवर, मोसमी ढगांची उंची किलोमीटरमध्ये; सांगलीचा दुष्काळी पट्टा पवनचक्क्यांच्या आधीपासून कोरडाच आहे. बनवायला लागलेली ऊर्जा कधीच फिटत नाही? साधारण वर्षभरात फिटते, यंत्र वीस वर्षं चालतं.