मठ्ठ पात्र खेळताना

१९७४ साली अमेरिकेत आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात पात्राची बुद्धी तीन फासे टाकून ठरायची, ३ ते १८. समजा, आपल्या वाट्याला ५ आली. दारावरच्या कोड्याचं उत्तर आपल्याला सुचलंय, पण पात्राला ते सुचणं शक्य नाही. आणि सोबती तर आत अडकलेत. मग बोलायचं का? बरेच जण इथं बोबडं बोलून हशा मिळवतात. आम्हाला ते पटत नाही. मठ्ठ माणूसही विचार करतोच की, फक्त पहिल्या पायरीवर थांबतो. ‘कोडं राहू द्या, दार फोडू’ म्हणतो. गंमत बघा, या खेळात शहाणपणाचा आकडा वेगळा असतो. ॲरिस्टॉटलनंही व्यवहारातलं शहाणपण तत्त्वज्ञानापासून निराळं काढलं होतं. तेव्हा ५ बुद्धीचा हा गडी धोका सगळ्यांआधी ओळखेल; कशावरून, ते मात्र त्याला सांगता येणार नाही.