पावलांचा हिशेब

मनुष्य दिवसाकाठी किती चालतो, हे त्याला स्वतःला क्वचितच ठाऊक असते. विचारल्यास तो जे उत्तर देतो, ते बहुधा वास्तवाहून मोठे असते. ही मोजणी यंत्राकडे सोपविण्याची कल्पना जुनीच आहे. परंतु ती घरोघर पोहोचली ती जपानमुळे. १९६५ साली, म्हणजे टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांनंतरच्या वर्षी, यामासा या जपानी कंपनीने कमरेला अडकविण्याचे एक पदगणक विक्रीस आणले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. हा आकडा पुढे जगभर रूढ झाला आणि अनेकांनी तो वैद्यकशास्त्राचा नियम समजून शिरोधार्य मानला. वस्तुतः त्याचा प्रसार झाला तो एका विक्रेय वस्तूच्या नावातून.

जुन्या पदगणकात स्प्रिंगवर तोललेली एक लहान तरफ असे. प्रत्येक पावलासरशी कंबर वरखाली होई, तरफ हाले आणि चक्राचा एक दाता पुढे सरके. आजच्या मनगटी साधनात तिची जागा सिलिकॉनच्या सूक्ष्म त्वरणमापकाने घेतली आहे. त्यातील केसाहून बारीक भाग हालचालीबरोबर किंचित सरकतात, त्यामुळे विद्युत-धारिता बदलते, व त्या बदलाच्या लयीवरून पाऊल ओळखले जाते. नाडी मोजण्याची रीत निराळी आहे. साधनाच्या तळाशी असलेला हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते, म्हणून प्रत्येक ठोक्यासरशी परत येणारा प्रकाश थोडा घटतो. पट्टा सैल असला की ही गणना बिघडते. हातगाडी ढकलणाऱ्याचे हात तर दांड्यावर स्थिर असतात. तो कोसभर चालला तरी मनगटावरील यंत्र त्याची पुष्कळ पावले गाळते. ज्याला चालण्याची आठवण करून देण्याची मुळीच गरज नाही, त्याच्याच श्रमांची नोंद यंत्राला नीट करता येऊ नये, ही गंमतच म्हणावयाची!

२०१९ साली आय-मिन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १६,७४१ वृद्ध स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. ७,५०० च्या पुढे मात्र अधिक लाभ दिसला नाही. अर्थात, आजारी माणूस मुळातच कमी चालतो, हे येथे विसरता कामा नये.

चालण्याचा लाभ निराळा आणि यंत्र बांधण्याचा निराळा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या प्रयोगात ४७१ स्थूल तरुण-तरुणींना आहार व व्यायाम यांविषयी सारखेच मार्गदर्शन मिळाले. सहा महिन्यांनंतर त्यांतील एका गटाला अंगावर बांधावयाचे साधन देण्यात आले. दोन वर्षांअखेर या गटाचे वजन सरासरी ३.५ किलोग्रॅमने, तर साधन न मिळालेल्यांचे ५.९ किलोग्रॅमने उतरले होते. साधन न मिळालेले लोक आपल्या व्यायामाची नोंद स्वतःच करीत होते.