बोर्ड बदलण्यापूर्वी फ्यूज आणि निळी चकती पाहा

गेल्या जूनमध्ये एका रात्री आमच्या चाळीत विचित्र प्रकार घडला. काही खोल्यांतले दिवे एकाएकी मंदावले, तर आमच्या खोलीतला दिवा भगभगू लागला. मेन स्विच बंद करीपर्यंत टीव्हीतून ‘फट्’ असा आवाज आला आणि जळका वास सुटला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने झाकणही न उघडता सांगितले, “बोर्ड गेला. ४,५०० रुपये पडतील.” कारकुनाच्या पगारात ही रक्कम कुठे बसवायची, हे वाचक बंधू-भगिनींना सांगायला नको.

शेजारच्या वहिनींचा मुलगा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. तो म्हणाला, “काका, आधी उघडून तर पाहू.”

आधी कारण पाहू. इमारतीला तीन फेज येतात. प्रत्येक घराला एक फेज व सामाईक न्यूट्रल मिळून २३० व्होल्ट मिळतात. हा न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे जणू एका माळेत जोडली जातात आणि सुमारे ४०० व्होल्ट त्यांच्यात विभागले जातात. जिकडे वापर कमी, तिकडे दाब जास्त. कुठे अंधार, कुठे भगभग असे दिसताच मेन स्विच पाडावा. आमच्या मीटरखोलीतला न्यूट्रलचा जोडच जळालेला निघाला. वायरमनने तो बदलल्यावरच आम्ही टीव्हीला हात लावला.

प्लग काढला तरी बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब राहू शकतो. मुलाने १० किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर रबरी मुठीच्या पक्कडीत धरून कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना दहा सेकंद लावला आणि मल्टिमीटरवर दाब उतरल्याची खात्री केली. ज्याला हे शिकवलेले नाही, त्याने झाकण उघडूच नये.

बोर्डात वीज शिरते तिथे फ्यूज असतो. त्याच्यापुढे बहुधा निळी चकती असते, तिला व्हॅरिस्टर किंवा बाजारात एमओव्ही म्हणतात. दाब मर्यादेबाहेर गेला की ही चकती स्वतः मोठा प्रवाह ओढते आणि फ्यूज उडतो. क्षणभराचा झटका ती सोसते, पण न्यूट्रल तुटल्यावरचा सतत वाढलेला दाब तिला फोडतो. आमची चकती दुभंगून काळी पडली होती. एक पाय सोडवून तपासली तर शॉर्ट निघाली, आणि फ्यूजही गेलेला. पुढचा ब्रिज रेक्टिफायर व मॉस्फेट मात्र शाबूत होते, कपॅसिटरचा माथाही फुगलेला नव्हता.

चकतीवर ‘१४डी४७१’ छापले होते. १४ म्हणजे मिलिमीटरमधला व्यास आणि ४७ वर एक शून्य म्हणजे ४७० व्होल्ट. त्याच क्रमांकाची चकती आणि तितक्याच अँपिअरचा, त्याच प्रकारचा फ्यूज आणला. दोन्ही मिळून पन्नास रुपयेही लागले नाहीत. काही जण फ्यूजच्या जागी तार घालतात, त्यात आगीचा धोका आहे. काही जण चकती नुसती तोडून टाकतात. टीव्ही चालतो खरा, पण पुढच्या वेळी फ्यूजआधी आतले महागडे भाग जातात.

सोल्डरिंग झाल्यावर ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज दिली. शॉर्ट राहिला असता तर बल्ब भरपूर उजेडाने पेटून राहिला असता. तो एकदाच चमकला आणि मंदावला. मग टीव्ही थेट लावला. तो पाहून पलीकडच्या मावशी आपला सेट-टॉप बॉक्स घेऊन आल्या. त्यात पॉवर आयसीलाच भोक पडले होते आणि आतल्या पट्ट्याही जळाल्या होत्या, तो मात्र बदलावाच लागला.