महिन्याभराची खाट

संपादकांचा निरोप एका ओळीचा होता: परभणीकडच्या पोरांची नशा आणि सरकारचा पैसा, यांची गाठ कुठे पडते ते पाहा. नशा शोधायला लांब जावं लागत नाही. २०१२ पासून राज्यात बंदी असलेला गुटखा टपरीवर नुसती मान हलवली की मिळतो. मराठवाड्यात ज्यांना ‘बटन’ म्हणतात त्या गोळ्या पकडल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर हुंगणारी पोरं तर कायद्याच्याही नजरेत येत नाहीत, कारण दोन्ही वस्तू दुकानात उघड विकल्या जातात. दारूचं काही सांगायलाच नको. पैसा मात्र कागदांत राहतो. मी त्या कागदांत शिरले आणि तिथेच रमले.

इतिहास थोडक्यात. १९८०च्या दशकात पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, शिरला. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचट यांनी. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ. देणगी लेखकाची, आवार सरकारी रुग्णालयाचं, अशी ही सुरुवात. त्याच सुमाराला, १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा झाला आणि स्वयंसेवी संस्थांना व्यसनमुक्तीसाठी अनुदान देणारी केंद्राची योजनाही आली. नाव बदलत बदलत २०१८ पासून ती एका राष्ट्रीय कृती आराखड्याखाली चालते. देशात या अनुदानावरची निवासी केंद्रं साडेतीनशेच्या घरात आहेत. जिल्हे पावणेआठशेच्या पुढे. जिथे काहीच सोय नाही अशा जिल्ह्यांसाठी आता ‘जिल्हा व्यसनमुक्ती केंद्र’ नावाची एकत्रित सोयही कागदावर आली आहे.

हे अनुदान मिळतं कसं? संस्थेने पोर्टलवर अर्ज भरायचा, तपासणी व्हायची, राज्याने शिफारस करायची, मग दिल्लीची मंजुरी. मंजूर खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत केंद्र देतं, उरलेले दहा संस्थेने उभे करायचे. हिशेब खाटांवर बसतो: पंधरा खाटा, तीस खाटा. त्या मापाने माणसं ठरतात. प्रकल्प समन्वयक, अर्धवेळ डॉक्टर, समुपदेशक, परिचारिका, वॉर्डबॉय, स्वयंपाकी, चौकीदार. या यादीत एक पद असं आहे की ते वाचून मी थांबले: पिअर एज्युकेटर. पात्रता अशी, की त्याने पूर्वी स्वतः व्यसन केलेलं असावं आणि आता तो त्यातून बाहेर असावा. पूर्वी दारुडा किंवा गर्दुल्ला असणं ज्या नोकरीत गुण मानला जातो, अशी दुसरी सरकारमान्य जागा मला ठाऊक नाही.

ही कल्पना सरकारला कागदावर सुचलेली नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका तिच्यावरच चालतात. मुक्तांगणमध्येही बरे झालेले पेशंटच पुढे कार्यकर्ते झाले. का, ते उपचाराचे पहिले दिवस पाहिले की कळतं. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन-तीन दिवसांत काहींना झटके येतात, भास होतात, भिंतीवर किडे दिसतात. उपचार नसेल तर यात माणूस दगावू शकतो. त्यामुळे सुरुवातीला डॉक्टर आणि औषधं लागतातच. गर्दवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या भाषेत ‘टर्की’ लागते: हाडं दुखतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं. त्याने जीव सहसा जात नाही, पण जावा असं वाटतं. अशा वेळी डॉक्टर गोळी देतो. पण पहाटे तीन वाजता पेशंट दार ठोठावून “मला सोडा, मी बरा झालो” म्हणतो, तेव्हा त्याच्या उशाशी बसून “मीही असंच म्हणालो होतो” हे खरेपणाने सांगू शकतो, तो पिअर एज्युकेटरच. पेशंटच्या थापा त्याला पाठ असतात. बायकोच्या आजारपणाचं खोटं तार-फोनच्या काळातलं असो की मोबाइलवरचं, त्याने ते आधी वापरलेलं असतं. अनुदानाच्या कोष्टकात मात्र त्याचं मानधन खालच्या ओळींत सापडतं.

खरी कुतरओढ महिना-पाच आठवडे संपल्यावर सुरू होते. अनुदान खाटेला आहे, आणि पेशंट खाटेवरून उठून गावी जातो. केंद्रात स्लिप, म्हणजे पुन्हा नशेकडे वळणं, होत नाही. ती होते गावच्या स्टँडवर, लग्नात, पगाराच्या दिवशी. म्हणून वर्ष-दोन वर्षं फॉलोअप लागतो. पेशंटने यायचं, घरच्यांनी यायचं, शेअरिंगला बसायचं. पुण्याला उपचार घेतलेल्या परभणीच्या पोराने दर वेळी रात्रभर रेल्वेने जाऊन हे करावं, अशी अपेक्षा ठेवणं सोपं आहे.

त्यात परभणीची वर्षाची घडी निराळी. गंगाखेड, पालम, जिंतूरकडची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच हातात पडलेली असते आणि कधी कधी तिच्यातली बरीचशी दारूत गेलेली असते. सप्टेंबरात बरा होऊन आलेला माणूस ऑक्टोबरात कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो, कारण उचल फेडायची आहे. पुढचे पाच-सहा महिने तो कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहतो. दिवसभराच्या तोडीनंतर अंगदुखीवर तिथे सगळ्यांना माहीत असलेलं औषध एकच. ‘तीन महिन्यांनी फॉलोअप’ या रकान्यात त्याच्यासमोर काय लिहायचं? योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एका पत्त्यावर राहणारा पेशंट होता, असं मला हे कागद वाचताना सतत वाटत राहिलं.

आता रकमा. नशेची मागणी कमी करण्याच्या या राष्ट्रीय कृती आराखड्यावर केंद्राची वर्षाची तरतूद अख्ख्या देशासाठी तीनशे कोटींच्या आसपास असते. एकट्या महाराष्ट्राला दारूवरच्या उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींच्या वर मिळतात. राज्याचं २०११ चं व्यसनमुक्ती धोरण आहे, पुरस्कार आहेत, प्रचाराच्या फेऱ्या आहेत. खाटा मात्र त्या मानाने फार थोड्या. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत निघालं, की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. रुग्णालयात दाखल होण्यापर्यंत १८० मध्ये एकच पोचतो. हुंगण्याच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि मुलांत १.१७ टक्के, म्हणजे दुप्पट, हेही त्याच पाहणीतलं. खाटांच्या मापावर चालणारी योजना तेरा वर्षांच्या पोराला कुठे झोपवणार? पन्नाशीच्या दारुड्याशेजारी?

उरलेल्यांची सोय बाजार करतो. खासगी ‘सुधार केंद्रं’ निघतात, घरचे कंटाळून पोराला रात्री गाडीत घालून तिकडे पोचवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा केंद्रांनाही नोंदणी हवी, आणि पेशंटला डांबून ठेवता येत नाही. तरी देशभरातून मारहाणीच्या, कोंडून ठेवल्याच्या बातम्या येतातच. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४अ तर फार थोड्यांना ठाऊक असतं: अल्प प्रमाणात बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. पण त्यासाठी तसं केंद्र पोचण्याजोगं हवं.

आणि ज्यांना अनुदान मिळतं, त्यांचं रडगाणं हप्त्याचं. मागच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढची रक्कम सुटत नाही. ती सुटेपर्यंत किराणावाला, भाजीवाला थांबत नाहीत, म्हणून संस्थाचालक उसनवारी करतात. प्रमाणपत्राला पावत्या लागतात. तांदळाची पावती मिळते, औषधाची मिळते. पिअर एज्युकेटर स्लिप झालेल्या पोराला गाठायला तांड्यावर जातो, त्या काळीपिवळीच्या भाड्याची मिळत नाही. ते तो बहुतेक वेळा आपल्या मानधनातून भरतो.