दार कोणासाठी उघडे?

आफ्रिकेच्या विकासाची चर्चा निघाली की दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात : शेजारी राष्ट्रांनी एकत्र यावे आणि विकासात लोकांचा सहभाग असावा. १९९० साली टांझानियातील आरुशा येथे लोकसहभागाची सनदच मंजूर झाली. माझा प्रश्न एवढाच की, राष्ट्रे एकत्र आली म्हणजे त्यांतला तळचा माणूस त्या एकीत येतो काय?

पश्चिम आफ्रिकेचे उदाहरण घेऊ. २८ मे १९७५ रोजी लागोस येथे पंधरा राष्ट्रांनी आर्थिक समुदाय स्थापन केला. तो 'इकोवास' या नावाने ओळखला जातो. १९७९ मध्ये नागरिकांच्या मुक्त संचाराचा करार झाला. पुढे समुदायाचे न्यायालयही आले. पण त्याच्या पायऱ्या चढण्याचा अधिकार सामान्य माणसाला नव्हता. नायजेरियाने बेनिनलगतची सीमा बंद केली, तेव्हा अफोलाबी नावाच्या व्यापाऱ्याचे नुकसान झाले. २००४ साली न्यायालयाने त्याला सांगितले की, व्यक्तीला येथे दावा लावता येत नाही. त्याच्या वतीने दावा लावू शकत होते ते सरकार. आणि त्याची तक्रार तर सरकारविरुद्धच होती!

२००५ मध्ये हा नियम बदलला. मानवी हक्कांचा भंग झाला तर व्यक्तीला थेट दाद मागता येऊ लागली. या बदलाचा अर्थ हादिजातू मानी हिने दाखवून दिला. नायजर देशातली ही मुलगी बाराव्या वर्षी विकली गेली. किंमत २ लाख ४० हजार फ्रँक. नायजरने २००३ मध्येच गुलामगिरी हा गुन्हा ठरविला होता. तरी सुटका झाल्यावर तिने आपल्या मनाने लग्न केले, तेव्हा धन्याने तिला आपली बायको ठरविले आणि तिच्याच देशाच्या न्यायालयाने पहिला नवरा असताना दुसरा केला म्हणून तिला तुरुंगात धाडले. २७ ऑक्टोबर २००८ रोजी इकोवासच्या न्यायालयाने तिचे संरक्षण न केल्याबद्दल नायजर सरकारला जबाबदार धरले आणि १ कोटी फ्रँक भरपाई द्यायला लावली. देशात जो न्याय मिळाला नाही, तो शेजाऱ्यांच्या एकीने मिळवून दिला.

परंतु २९ जानेवारी २०२५ रोजी माली, बुर्किना फासो आणि नायजर समुदायातून बाहेर पडले. निर्णय लष्करी राजवटींचा. लोकांचा कौल कोणी घेतला नाही. पुढच्या हादिजातूसाठी ते दार बंद झाले.

म्हणून मी म्हणतो, लोकसहभाग म्हणजे सभेला जमविलेली गर्दी नव्हे. आपल्याच सरकारला जाब विचारण्याचा हक्क आणि तो हक्क सरकारच्या लहरीने काढून घेता येणार नाही याची हमी, म्हणजे सहभाग. ही हमी नसेल तर प्रादेशिक सहकार्य हा सत्ताधाऱ्यांचा आपसातला व्यवहार ठरतो.