अपंगांचा व्यायाम : खर्च नव्हे, बचत

अपंग व्यक्तीने स्वस्थ बसावे, तिला श्रम देऊ नयेत, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. त्यामागे माया असते. परंतु ही माया घराला महाग पडते. आम्ही बँकेत कारकून, म्हणून या प्रश्नाचा जमा-खर्च मांडून पाहतो.

आमच्या खिडकीवर अनुदान काढण्यासाठी अपंग खातेदार येतात. पुष्कळदा सोबत घरातले एक माणूस असते. केनवडसारख्या शेतीवर जगणाऱ्या गावात सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत त्या माणसाची मजुरी बुडते. दुखणे एकाचे, पण रोज दोघांचा जातो.

व्यायामाने हा हिशेब बदलू शकतो. दंड व खांदे बळकट झाले की खाटेवरून खुर्चीत स्वतः सरकता येते, तीनचाकी सायकल चालविता येते. सोबतचे माणूस कामाला मोकळे होते. दुसरी बचत औषधपाण्याची. एका जागी बसून सांधे आखडतात, वजन वाढते. कमरेखाली संवेदना नसल्यास जखमा होऊन चिघळतात. दर अर्ध्या तासाने हातांवर भार देऊन अंग उचलल्यास अशा जखमा बऱ्याच टळतात. याला एक पैसाही लागत नाही.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून या जवानाचे कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे पुण्यात टेल्को कंपनीत त्यांनी नोकरी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पदक सर्वांनाच मिळणार नाही. पण कमावलेले अंग नोकरीतही उपयोगी पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली अपंग प्रौढांसाठीही आठवड्याला किमान १५० मिनिटे हालचाल सुचविली आहे. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. ज्यांना तेवढे जमत नाही त्यांनी थोड्यापासून आरंभ करावा. कोणता व्यायाम झेपेल, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

अर्थात केवळ दंड कमावून भागत नाही. कचेरीच्या दारात पायऱ्याच असतील तर बळकट हातही बाहेरच राहतात. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. ग्रामपंचायतीनेही स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्चावयाची असते. त्यातून एक उतरता रस्ता व धरून चालण्यासाठी दोन समांतर दांड्या उभारता येतील. सभासद बंधू-भगिनींनो, येत्या ग्रामसभेत आपण ही मागणी करू या.