समुपदेशनाच्या खोलीत राजकारण निघालं तर

दर रविवारी वंदना झाली की विष्णुपुरीतल्या विहाराच्या ओसरीवर आम्ही बीपीचं मशीन घेऊन बसतो. नर्सिंगचा डिप्लोमा आणि वॉर्डातली वर्षं एवढीच आमची पुंजी. मानसोपचार आम्ही करत नाही. ऐकतो आणि गरज वाटली तर मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागाकडं चिठ्ठी देऊन पाठवतो. पण दंडाला पट्टा बांधला की माणसं बोलायला लागतात, हा आमचा जुना अनुभव आहे.

साठी ओलांडलेल्या एक मावशी अशाच बोलल्या. "सिस्टर, डीजे आला की माझं काळीज तोंडात येतंय बघा. घर सोडून पळावं वाटतं." मिरवणूक कुणाची? तर आपल्याच भीमजयंतीची. नातवंडं बाहेर नाचतात आणि आजी आत दाराला कडी लावून बसते. घरच्यांना वाटायचं, म्हातारी नाटक करते.

१९७८ साली मावशी चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या. २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि पुढच्या काही दिवसांत गावोगाव आपली घरं पेटली. नांदेड जिल्ह्यानं त्यात फार सोसलं. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ठार मारलं, ते याच दिवसांत. मावशींच्या घराचं छप्पर जळालं आणि रात्र उसाच्या फडात काढावी लागली. जमाव यायच्या आधी लांबून आवाज यायचा, तो त्यांच्या कानात राहिला. पुढं १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, विजयाचे पेढे वाटले गेले, पण तो आवाज काही गेला नाही. मग १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग, असं घरच्यांनी फिर्यादीत सांगितलं. तेव्हापासून मावशींची झोपच उडाली.

त्यांना आम्हीच एका समुपदेशकाकडं पाठवलं होतं. ठिकाण सांगत नाही. मावशींनी १९७८ चा विषय काढताच समोरून उत्तर आलं, "राजकारणाचं इथं नको. जुनं विसरा, भजन-पूजनात मन रमवा." मावशी उठून आल्या. गोळ्याही बंद केल्या.

स्वतःचं जळालेलं घर हे राजकारण कसं? समुपदेशकानं पक्ष घेऊ नये, हे खरंच आहे. कुणाला मत द्यावं, कोणता नेता चांगला, हे त्यानं सांगू नये. पण पक्ष न घेणं आणि कान बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "तुमच्यावर अन्याय झाला" एवढं म्हटल्यानं कुणी कुठल्या पक्षाचं होत नाही. नंतर विचारायचं ते असं : आवाज आला की अंगात कुठं काय होतं? तेव्हा घरात कोण असतं? कुणाचा हात धरला की बरं वाटतं? आम्ही मावशींना दुसरीकडं पाठवलं, तिथं हे विचारलं गेलं. आता मिरवणुकीच्या दिवशी सून त्यांच्याजवळ बसते. दार उघडं असतं आणि मिरवणूक कोणत्या गल्लीत आली ते नातू येऊन सांगून जातो. भीती पुरती गेलेली नाही, पण गोळ्या परत सुरू आहेत.

आता आमची चूक सांगतो. दुसऱ्याला बोट दाखवून हे पान भरणं सोपं होतं.

मोबाईलच्या स्टेटसवरून गावात मार खाल्लेला एक पोरगा आमच्याकडं आला होता. झोप येईना, जेवण जाईना. आम्ही पहिल्याच बैठकीत ॲट्रॉसिटीची फिर्याद काढली. पुढच्या आठवड्यात त्याला मोर्चाला नेलं आणि हातात माईक दिला. टाळ्या पडल्या. त्याची आई नंतर भेटली, म्हणाली, "भाषण करून आला आणि दोन दिवस थरथर कापत होता." तो परत आमच्याकडं आला नाही. १९८९ चा कायदा त्याच्या हक्काचा होता आणि त्याची माहिती देणं आमचं कामच होतं. पण फिर्याद द्यायची का, कधी द्यायची, माईक धरायचा का, हे त्यानं ठरवायचं होतं. तो झोप मागायला आला होता आणि आम्हाला कार्यकर्ता हवा होता. चळवळीतल्या माणसाला ही खोड लवकर लागते. समोरचा आपलाच, मग त्याचं मन वेगळं कशाला विचारायचं, असं वाटून जातं.

त्यानंतर दुसरी परीक्षा आली. १ ऑगस्ट २०२४ ला अनुसूचित जातींच्या आरक्षणात उपवर्गीकरण करण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. नेमकी ती अण्णाभाऊंची जयंती. आपल्या भागात बौद्ध आणि मातंग वस्त्या शेजारी-शेजारी आहेत, तेव्हा पुढं काय झालं ते वाचकांना माहीत आहे. व्हॉट्सॲपचे ग्रुप फुटले, चहाच्या टपऱ्या वाटल्या गेल्या. त्या दिवसांत मातंग समाजातला एक मुलगा ओसरीवर आला. पोलीस भरतीची तयारी करत होता. धावताना छातीत धडधड आणि रात्रभर जागरण. बीपी बरोबर निघालं. निकालाचा विषय निघताच तो ताठ झाला, "ताई, तुम्ही बी त्याच बाजूच्या. तुम्हाला काय सांगायचं?"

आम्ही खोटं बोललो नाही. सांगितलं, "या प्रश्नावर आमचं मत तुझ्यापेक्षा वेगळं आहे. पण इथं त्यावर वाद घालणार नाही, तुला पटवायलाही बसणार नाही. आपण तुझ्या झोपेचं बोलू. आमच्यासमोर अवघड वाटत असेल तर दुसरीकडं चिठ्ठी देतो, राग मानणार नाही." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग बोलू लागला. एकाच खोलीत राहणारा, एकाच डब्यातलं जेवणारा बौद्ध मित्र महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हता. दोघं पहाटे वेगवेगळ्या रस्त्यानं धावायला जायचे. वयोमर्यादा सरत आली होती. बाजूला बसून निकालावर भाषण झोडलं असतं तर त्यातलं काहीच बाहेर आलं नसतं.

अशा वेळी आम्हाला फ्रान्झ फॅनन आठवतो. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरचा हा कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ १९५३ मध्ये अल्जीरियातल्या ब्लिदाच्या रुग्णालयात रुजू झाला. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता आणि लवकरच स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. फॅननची बाजू ठरलेली होती, गुलाम केलेल्यांची. पण १९६१ च्या त्याच्या पुस्तकात ज्या रुग्णांच्या हकिगती आहेत, त्यांत छळ सोसलेले अल्जीरियन आहेत, तसे छळ करणारे फ्रेंच पोलीसही आहेत. एका पोलिसाला रुग्णालयाच्या आवारात त्यानंच छळलेला माणूस दिसला आणि पोलिसालाच घाबऱ्याचा झटका आला. इकडं तो माणूस, आपल्याला पकडायला पोलीस इथंही आले, या भीतीनं जीव द्यायला निघाला. फॅनन आणि त्याच्या माणसांनी दोघांनाही सावरलं. स्वतःची राजकीय लढाई फॅनननं उघडपणे लढली. १९५६ मध्ये त्यानं राजीनामा दिला आणि पुढं उघडपणे स्वातंत्र्यलढ्याचं काम केलं. पण ती लढाई रुग्णाच्या खाटेवर लढली नाही.

वैद्यकानं उलटंही केलेलं आहे. १८५१ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं मळ्यातून पळणाऱ्या गुलामांना ड्रॅपेटोमेनिया नावाचा आजार झाला असं लिहिलं आणि चाबकाचे फटके हा त्यावर उपाय सांगितला. सुटकेची इच्छा म्हणजे वेड! म्हणूनच आपल्याकडचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा ध्यानात ठेवावा. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार कुणाचा राजकीय किंवा सामाजिक दर्जा, धर्म, किंवा समाजाच्या रूढ मतांशी न जुळणं, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. अठराव्या कलमानुसार जात, धर्म, राजकीय मत यांवरून उपचारात भेदभाव करता येत नाही. पोरगी मोर्चाला जाते, देवाला हात जोडत नाही, म्हणून तिच्या डोक्यात बिघाड आहे, असं कुठलाही डॉक्टर लिहू शकत नाही. आणि हे आपल्या घरांनाही लागू आहे बरं का. पोरगा दुसऱ्या पक्षाचा झेंडा घेऊन फिरतो म्हणून त्याला "डोकं तपासून आणा" म्हणणारे वडील आमच्या ओसरीवर येऊन गेलेत. आम्ही वडिलांचंच बीपी मोजलं.

आणखी एक गोष्ट वस्तीत फार जपावी लागते. इथं ऐकणारा आणि मीटिंगला बसणारा माणूस एकच असतो. ओसरीवर ऐकलेलं मंडळाच्या बैठकीत किंवा ग्रुपवर गेलं की पुन्हा कुणी तोंड उघडत नाही. कायद्याच्या तेविसाव्या कलमानं गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर तो मोडता येतो, तोही गरजेपुरता.

तुम्ही समुपदेशनाला गेलात तर शिक्षण काय, नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. समोरच्यानं आडनाव विचारून चेहरा बदलला, तुमच्या दुखण्यापेक्षा त्याच्या पक्षाचंच जास्त बोलला, किंवा जातीचं नाव काढताच विषय तोडला, तर "मला दुसऱ्यांकडं पाठवा" म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. सेवेत कमतरता वाटली तर त्या दवाखान्याच्या प्रमुखाकडं आणि तिथं समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडं तक्रार करता येते. पण एकावर राग धरून मावशींसारख्या गोळ्या मनानं बंद करू नका. त्यानं त्रास वाढतो.

रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला, जगणं नको वाटलं, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर लावा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. मेडिकल कॉलेजला जाताना जुने कागद आणि खाऊन झालेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. एकट्यानं जायला संकोच वाटत असेल तर रविवारी ओसरीवर सांगा, आमच्यातलं कुणीतरी सोबत येईल आणि तुम्ही आत बोलत असताना बाहेर बाकावर थांबेल.